आगोटीत वादळाचंही काम

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. त्यानंतर आठच दिवसांनी, ११ जूनला, मान्सून हर्णैपर्यंत पोचला. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत ज्यांच्या घरावरचे पत्रे उडाले होते, त्यांना नवं छप्पर घालायला मिळाले ते एवढेच दिवस. त्यातले पहिले काही रस्त्यावर आडवी झालेली झाडं तोडण्यातच गेले. वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. करोनाच्या टाळेबंदीमुळे दुकानं अर्धी उघडी, अर्धी बंद. मुंबईहून कोणाला मदतीला बोलवावं तर येण्यावर निर्बंध, आणि गावातल्या शाळांमध्ये आधीच आलेले चाकरमानी विलगीकरणात. पत्रा मिळेना, ताडपत्री मिळेना, सुतार मिळेना. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, मुरूड, कर्दे, तिकडे बाणकोट आणि वेळास, या साऱ्या पट्ट्यात वाऱ्याने जे ठेवलं होतं ते पावसाने नेलं. पेरणीसाठी राखलेलं भात भिजलं, गाद्या-गोधड्या भिजल्या, मुलांची पुस्तकं भिजली आणि जुन्या घरांच्या मातीच्या भिंती पाणी पिऊन खाली बसल्या.

वारा काही तासांचा होता. नुकसान मात्र पुढे महिनोन्‌महिने होत राहिलं. कोणाचं किती होणार हे बऱ्याच अंशी वादळाच्या आधीच ठरून गेलं होतं. पत्र्याचे हुक गंजलेले होते की नवे, घराच्या डोक्यावर वाकलेली आंब्याची फांदी तोडली होती की नाही, विहिरीवर रहाट शिल्लक होता की नुसता पंप, म्हातारी माणसं कोणाच्या घरी जाऊन बसणार हे ठरलं होतं की नाही, अशा साध्या साध्या गोष्टींवर ते ठरलं. ही पुस्तिका या गोष्टींबद्दल आहे, आणि ती मे महिन्यात वाचायची आहे.

कोकणातल्या घराला आगोटीची तयारी शिकवावी लागत नाही. पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पडता येणार नाही हे धरून इथे पिढ्यान्‌पिढ्या काम होत आलं आहे. लाकूडफाटा आणि शेणी पडवीत रचायच्या, तांदूळ आणि कुळीथ भरून ठेवायचे, सुकी मासळी, आमसुलं, सांडगी मिरची, फणसाची साटं डब्यांत बंद करायची, कौलं परतून घ्यायची, अंगणातला मांडव उतरवायचा, पडवीला पश्चिमेकडून झावळ्यांच्या झडी बांधायच्या. कोणी पत्रक काढत नाही, कोणी आठवण करून देत नाही, तरी मे संपेपर्यंत हे सगळं झालेलं असतं. वादळाच्या तयारीतली बहुतेक कामं याच जातीची आहेत आणि त्यांची जागा याच यादीत आहे. हवामान खात्याचा इशारा आला की मग हालचाल करायची, ही सवय आपल्याला अलीकडे लागली आहे आणि ती मोडायला हवी. निसर्गचंच पाहा. खात्याचे इशारे आधीपासून येत होते हे खरं, पण त्या कमी दाबाच्या पट्ट्याचं वादळ होऊन त्याला नाव मिळालं २ जूनच्या दुपारी, आणि ३ जूनच्या दुपारी ते किनाऱ्यावर होतं. एका दिवसात माणूस घरात पाणी भरून ठेवू शकतो, गुरं सोडू शकतो, आजीला शेजारी नेऊ शकतो. छप्पर बांधू शकत नाही.

पावसाळी वाऱ्याची सवय असल्यामुळे इथे एक घोटाळाही होतो. आपली सारी घरं नैऋत्येच्या आणि पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड देण्यासाठी बांधलेली आहेत. झडी पश्चिमेला, बंद भिंत पश्चिमेला, कमी खिडक्या पश्चिमेला. चक्रीवादळाचा वारा मात्र गोल फिरतो, आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्याच्या उलट. दक्षिणेकडून समुद्रातून वर येणारं वादळ जेव्हा आपल्या खाली असतं, तेव्हा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वारा पूर्वेकडून, म्हणजे डोंगराकडून येतो. वादळ समोर आलं की तो दक्षिणेचा होतो, आणि ते उत्तरेला सरकलं की पश्चिमेचा. म्हणजे पहिला तडाखा घराच्या ज्या बाजूची आपण कधी काळजी केलेली नसते तिथे बसतो. मागचं दार, गोठ्याकडची खिडकी, न्हाणीघराचा पत्रा यांची पाहणी म्हणूनच समोरच्या पडवीइतकीच नीट करायला हवी. वादळाचा डोळा ज्या गावावरून जातो तिथे तर मध्येच वारा पडतो, ऊनही दिसतं, लोक बाहेर येऊन काय काय गेलं ते बघू लागतात, आणि मग उलट दिशेने पुन्हा तेवढाच वारा सुटतो. पहिल्या झोडपण्यात सैल झालेली झाडं आणि छपरं तेव्हा पडतात. सगळं संपल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम मुलांना पाढ्यासारखा पाठ असला पाहिजे.

आता छपराकडे वळतो. या पुस्तिकेची सर्वांत जास्त पानं छपरालाच दिली आहेत, आणि ते योग्य आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ५५ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १४ किलो असतो, तर ताशी ११० किलोमीटरला तो ५७ किलोच्या आसपास जातो. निसर्ग किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा साधारण ताशी १०० ते १२० किलोमीटरचा होता. दहा फुटी पत्रा तीन चौरस मीटरच्या घरात भरतो, म्हणजे एका पत्र्यावर दीडशे किलोहून जास्त जोर. आणि हा जोर छपराला खाली दाबत नाही, वर उचलतो. छपराच्या कडा, कोपरे आणि आढ्याची रेघ इथे तो सर्वांत जास्त असतो. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा-वीस किलोच्या आत असतं. म्हणजे पत्रा जागेवर ठेवतात ते केवळ त्याचे हुक.

हे हुक एकदा जवळून बघाच. खालून पाइपला किंवा वाशाला अडकवलेला जे-हुक पत्र्याच्या नळीच्या उंचवट्यातून वर येतो, त्यावर डांबरी वॉशर, त्यावर लोखंडी चकती आणि नट. वरून रंग मारलेला असतो, नट घट्ट दिसतो. पण समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या घरात वॉशर उचलून पाहिलं की खरी गोष्ट कळते. खाऱ्या हवेने आणि वॉशरखाली साचलेल्या पाण्याने सळई नेमकी त्याच जागी खाल्लेली असते, कित्येकदा निम्म्यावर आलेली. बोटाने चकती फिरवली तर गंजाची पूड पडते. असा हुक पाच-सहा पावसाळे पत्रा धरून ठेवतो, आणि वादळाच्या पहिल्या उचलीला तुटतो. एका कडेचा हुक तुटला की पत्र्याची कड मोकळी होते, कड मोकळी झाली की वारा खाली शिरतो, आणि मग शेजारचे पत्रे ओळीने निघतात. हुक बदलण्याचा खर्च फार नाही. एक माणूस, एक शिडी आणि दोन दिवस. कडांना आणि आढ्याला हुक दाट लावायचे, मध्ये थोडे विरळ चालतात. एवढं केलं तरी घराचं नशीब बदलतं.

पत्र्यावर चिरे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिच्याबद्दल स्पष्ट सांगतो, ती सोडा. तीसेक किलोचा चिरा दीडशे किलोची उचल थोपवू शकत नाही, आणि पत्रा उडाला की तोच चिरा माजघरात माणसाच्या डोक्यावर येतो. वजन ठेवायचंच असेल तर वाळूच्या पिशव्या दोराने एकमेकींना बांधून, आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडलेल्या बऱ्या.

जुन्या कौलारू घरांचं अशा वादळांत काय झालं हे बघण्यासारखं आहे. मंगलोरी कौलं बांधलेली नसतात, नुसती रिपेवर बसवलेली असतात, म्हणून ती उडतात. पण कौलांच्या फटींतून हवा जात-येत असल्यामुळे सगळं छप्पर एकदम उचललं जात नाही. बरीच कौलं गेली तरी वासे आणि रिपा जागेवर राहतात, आणि कौलं हातोहात बदलता येतात. पत्र्याचं छप्पर जातं ते वाशांसकट. असं असूनही गावोगाव लोकांनी कौलं काढून पत्रे घातले, आणि त्याला मी नावं ठेवत नाही. माकडं आणि वानर कौलं फोडतात, दरवर्षी परतायला माणूस मिळत नाही, घरात दोन म्हातारी माणसं असली तर छपरावर चढणार कोण? पत्रा ही गरज म्हणून आला आहे. तो आला आहे तर त्याला बांधून ठेवण्याची विद्याही यायला हवी, एवढंच.

आणखी एक गोष्ट पडवीची. पाऊस आत येऊ नये म्हणून आपण छपराची पाखं लांब बाहेर काढतो, पुढे पडवी उतरवतो. पावसासाठी ते शहाणपणाचं आहे, वाऱ्यासाठी मात्र तीच पाखं आयतं हत्यार होतात, कारण वारा खालून त्यांना उचलतो. नवं घर बांधणाऱ्याने, किंवा जुन्याची दुरुस्ती काढणाऱ्याने, पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेवावं, म्हणजे पडवी गेली तरी घर उघडं पडणार नाही. वासे भिंतीवरच्या लाकडी पाटाला नुसते टेकवून किंवा खिळ्यावर भागवून न ठेवता लोखंडी पट्टीने बांधावेत. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला जास्त टिकतं. ही माहिती इंजिनिअरच्या पुस्तकात असते, पण घर बांधतो गवंडी आणि सुतार, आणि त्यांच्यापर्यंत ती कोणी पोचवत नाही. ही पुस्तिका वाचणाऱ्याने छपराचं प्रकरण आपल्या गवंड्याला आणि सुताराला वाचून दाखवावं, अशी माझी विनंती आहे.

झाडांबद्दल थोडक्यात. माड आणि पोफळी पाडल्या त्या निसर्गने, आणि त्या दुःखावर कोणत्याही तयारीचा इलाज नव्हता. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-आठ वर्षं जातात. आंजर्ल्या-मुरूडच्या वाड्यांमध्ये उभ्या पोफळी मधोमध मोडून पडल्या तेव्हा माणसांनी जे गमावलं ते त्या वर्षाचं पीक नव्हतं, पुढच्या दहा वर्षांचा घरखर्च होता. घराच्या बाबतीत मात्र करण्यासारखं आहे. आढ्यावर झुकलेल्या फांद्या मे महिन्यात छाटायच्या, घरावर पडेल असा वाकलेला माड काढायचा की नाही याचा निर्णय घरच्यांनी बसून घ्यायचा, माडावरचे नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्यायच्या. वाऱ्यात सुटलेला नारळ तोफगोळ्यासारखा येतो. अंगणात पडलेले जुने पत्रे, बांबू, प्लास्टिकचे पाइप आत घ्यायचे. गच्चीवरची पाण्याची टाकी भरून ठेवायची, रिकामी टाकी उडते.

पाणी आणि उजेड यांवरही या पुस्तिकेत सविस्तर लिहिलं आहे. निसर्गमध्ये महावितरणचे खांब आणि रोहित्रं एकेका तालुक्यात इतकी पडली की बाहेरच्या जिल्ह्यांतून कर्मचारी आणावे लागले, तरी काही वाड्यांना महिनाभर आणि त्याहून जास्त अंधारात राहावं लागलं. दिव्याशिवाय माणूस राहतो. पाण्याशिवाय नाही. विहीर दारात, पाणी विहिरीत, आणि पंप बंद, अशी घरं त्या जूनमध्ये जागोजाग होती. पूर्वी प्रत्येक विहिरीवर रहाट होता. पंप आल्यावर तो काढून टाकला, दोरखंड गोठ्यात गेला, तिथे कुजला. विहिरीवर साधी कप्पी, पुरेल एवढा दोर आणि एक पोहरा कायम ठेवा, यापेक्षा स्वस्त विमा नाही. औषधांचंही तसंच. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या महिन्याच्या हिशेबाने घरात असाव्यात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिज बंद पडल्यावर ते कुठे ठेवायचं हे आधी ठरवावं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत, कोरड्या डबीत ठेवलं तर काही दिवस निभावतं.

आता माणसांकडे येतो, कारण कुटुंबाची तयारी घराच्या तयारीहून अवघड आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या असंख्य घरांत मे महिना सोडला तर दोनच माणसं असतात, सत्तरीच्या पुढची. मुलगा विरारला नाहीतर बदलापूरला. टीव्हीवर वादळाची बातमी दिसली की तो तिकडून फोन करतो, आई, घरात थांबू नका, शाळेत जा. आणि इकडून उत्तर येतं, हे घर तुझ्या आजोबांनी बांधलंय, आजवर काय झालं नाही त्याला. या उत्तरात हट्ट नसतो. शाळेच्या फरशीवर अनोळखी माणसांत रात्र काढायची, रात्री दोनदा उठावं लागतं, संडास लांब, गुडघे वाकत नाहीत, हे त्या माऊलीला फोनवर सांगता येत नाही. ज्या वाड्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांना वेळेवर हलवता आलं, तिथे बहुतेक वेळा कोणा शेजाऱ्यानेच ते केलेलं असतं. संध्याकाळी दारात येऊन तो म्हणतो, "आजी, घर सोडा असं नाय म्हणत मी, आज रात्रीपुरत्या आमच्याकडे निजायला चला, आमचं स्लॅबचं आहे." एवढं पुरतं. पण हे शेजाऱ्याच्या मनावर सोडता कामा नये. प्रत्येक वाडीत पक्क्या घरांची आणि कच्च्या घरांची जोडी मे महिन्यातच लावून ठेवली पाहिजे. अमक्यांनी तमक्यांकडे जायचं, सोबत काय घ्यायचं, गुरांची दावी कोण सोडणार, हे ग्रामसभेत बोलून ठरलं तर ऐन वेळी कोणाला कोणाचे उपकार घेतल्यासारखं वाटत नाही. गोठा कच्चा असेल तर गुरांना बांधून ठेवायचं नाही, हेही लक्षात असू द्या. मोकळं जनावर आपली जागा शोधतं.

बंद घरांचा प्रश्न याहून वेगळा आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष आहे. गणपती आणि शिमग्याला उघडणारी घरं वादळात उघडी पडली की त्यांना कोणी वालीच नसतो. २०२० मध्ये गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. छप्पर गेलेली बंद घरं तोपर्यंत जून आणि जुलैचा सगळा पाऊस अंगावर घेत उभी होती. मालक मुंबईत, किल्ली मुंबईत, आणि शेजारी दुसऱ्याच्या घरात शिरायला धजत नाही. अशा घराची भिंत पडते ती शेजाऱ्याच्या अंगणात पडते, पत्रा उडतो तो दुसऱ्याच्या छपरावर जातो. गावात घर असणाऱ्या प्रत्येक मुंबईकराने एक किल्ली आणि ताडपत्री टाकण्याची तोंडी परवानगी गावातल्या एका माणसाकडे ठेवावी. भाऊबंदकीतलं घर असेल तर सगळ्या भावांनी मिळून ठेवावी. हे सोपं नाही, मला कल्पना आहे. पण भिंत कोसळल्यावर वाटण्या करण्यासारखं काही उरत नाही.

कागदांचा विषय कंटाळवाणा वाटेल, तरी तो टाळू नका. वादळानंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात तेव्हा घरपट्टीची पावती, सातबारा, आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक लागतं. हे सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि प्रत्येकाचा फोटो मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलमध्ये असावा. घराचे चारही बाजूंनी आणि छपराचे आतून फोटो मे महिन्यात काढून ठेवा, पूर्वी काय होतं ते दाखवायला दुसरा पुरावा नसतो. सुपारी-नारळाच्या बाबतीत तर हा धडा सगळ्यांना मिळाला. निसर्गनंतर फळबागेची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपयांवर नेली गेली, पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, एका गुंठ्यात दाटीवाटीने उभ्या पोफळी, आणि सातबाऱ्यावर दहा-बारा नावं. झाडं मोजून नोंद करून घेतलेली नसली तर हातात पडणारी रक्कम पाहून रडू येतं. झाडांची नोंद सातबाऱ्यावर आहे का, ते आजच बघा.

पावसाळ्यापूर्वीची तयारी झाली म्हणजे वर्षाचं काम संपलं, असंही समजू नये. अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन. एक मे-जूनचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. मुंबई-कोकण मार्गावरच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. फयान आलं तेही ११ नोव्हेंबरलाच, २००९ साली, आणि रत्नागिरीतून समुद्रात गेलेले काही खलाशी परतले नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार किनाऱ्यावर न येताही कापणीला आलेलं भात आडवं करून गेलं. तौक्तेने १६ मे २०२१ रोजी रत्नागिरीसमोरून समुद्रातून जाताना हापूसचा शेवटचा तोडा जमिनीवर उतरवला, छपरं नेली, आणि मग गुजरातला जाऊन धडकलं. निसर्गच्या वेळी रत्नागिरी शहरापासून वादळाचं केंद्र लांब होतं, तरी बसरा स्टार हे जहाज वाऱ्याने मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आणून टाकलं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते तिथेच पडून होतं. वादळ आपल्या गावावर येणार नाही, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशेब असा, की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतो आहे. आपल्या आजोबांच्या अनुभवावर घर बांधून आता भागणार नाही. दसऱ्याला घर साफ करताना छपराचे हुक पुन्हा एकदा बघायचे, रहाटाचा दोर ओढून पाहायचा, एवढी शिस्त पुरेशी आहे.

इशाऱ्यांची भाषाही घरात सगळ्यांना समजली पाहिजे. ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की चक्रीवादळ, ८९ च्या पुढे तीव्र, ११८ च्या पुढे अतितीव्र. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा, अशा पायऱ्यांनी हवामान खातं सांगत जातं, आणि बंदरावरचे बावटे बदलत जातात. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या माणसाला बावटा दिसला की काय करायचं ते बरोबर कळतं. डोंगराकडच्या लांजा-संगमेश्वरच्या घरात तेच कळत नाही, आणि वारा तर तिथेही पोचतो. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, मोबाइलमध्ये साठवून उपयोग नाही, मोबाइल बंद पडतो.

तयारीने काय होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याच ओडिशात १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन गोपाळपूरजवळ आलं, तेही भयंकर ताकदीचं, पण मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. मधल्या चौदा वर्षांत तिथे निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, कोणी कोणाला कुठे न्यायचं हे घराघराला ठाऊक झालं, आणि वादळाआधी जवळपास दहा लाख माणसं हलवली गेली. आपल्या किनाऱ्यावर सरकारने करायच्या गोष्टी खूप आहेत. निवारा केंद्रं हवीत, भूमिगत वीजवाहिन्या हव्यात, वादळानंतर आठ दिवसांत पत्रा आणि ताडपत्री तालुक्याला पोचेल असा साठा हवा. त्यासाठी भांडत राहायला हवं, आणि या पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण त्यावरच आहे. पण सरकारी निवारा झाला तरी तुमच्या छपराचा हुक सरकार बदलणार नाही, आणि शेजारच्या आजीला हाताला धरून न्यायला सरकार येणार नाही.

वाचकाने ही पुस्तिका एका दमात वाचायची गरज नाही. आधी छपराचं प्रकरण वाचा, मग शिडी लावून वर जा. पत्रा सिमेंटचा असेल तर त्यावर पाय देऊ नका, तो फुटतो, कडेला फळी टाकून काम करा, आणि पत्रा ओला किंवा शेवाळलेला असेल तर कामच काढू नका. वादळानंतर घाईने छप्पर दुरुस्त करायला चढून पडलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. छप्पर बघून झालं की घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून माणसांचं प्रकरण मोठ्याने वाचा, मुंबईतल्यांना फोनवर घ्या. आणि येत्या मे महिन्याच्या ग्रामसभेत पक्क्या आणि कच्च्या घरांच्या जोड्यांचा विषय तुम्ही मांडा, दुसरा कोणी मांडेल म्हणून थांबू नका.